आशाताईंची आडवी रेघ

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याची माफी असावी. वही माझ्यापुरतीच आहे, पण आशाताईंबद्दल नीट लिहावंसं वाटतं.

विट्याजवळच्या आमच्या गावात त्या डेअरीत कॉम्प्युटरवर दुधाची बिलं काढायच्या. एखादी गोष्ट येत नसली तर साऱ्या रांगेसमोर सांगायच्या, "मला ठावं न्हाई." लोक हसले की म्हणायच्या, "ठावं न्हाई म्हणाय लाज कसली?" मला तर ठाऊक असलेलंही बोलवत नसे.

एकदा माझ्या म्हशीला खुरकताचा रोग झाला. एका बिलाचे पुरे दहा दिवस डेअरीत दूध घातलं नाही. तरी माझ्या नावानं बिलाची चिठ्ठी निघाली, सरासरी फॅट शून्य. शून्य फॅट म्हणजे निव्वळ पाणी. यंत्राची चिठ्ठी, कोण शंका घेणार? पाणी घालणाऱ्यांच्या फळ्यावर माझं नाव लागलं आणि पुढच्या बिलातून साठ रुपये दंड कापला. सासूबाई म्हणाल्या, "घरान्याचं नाव घालीवलंस." मालक फौजेत. मी उंबरा ओलांडेना. दूध शेजारणीच्या हाती धाडायची.

एक दिवस आशाताईच दारात आल्या.

"तुजी म्हस आजारी व्हती न्हवं? मग गप का बसलीस?"

"माजं कोन ऐकतंय, ताई?"

त्यांनी समजावलं. सरासरी म्हणजे फॅटची बेरीज भागिले दूध घातलेल्या वेळा. माझ्या वेळा शून्य. शून्यानं भागता येत नाही, म्हणून पूर्वी अशा नावावर यंत्र अडायचं आणि गावाची बिलं थांबायची. डेअरीच्या चेअरमननी सांगलीचा माणूस आणून यंत्राच्या भाषेत एक ओळ घालून घेतली, 'अडू नको, शून्य लिही.'

"गप शून्य लिवलं की कुनाचं तरी नाव जातं," त्या म्हणाल्या. "बिलादिवशी तू सोता ये."

मी गेले, पदर घट्ट धरून. ताईंनी ती ओळ काढून माझं जुनं बिल पुन्हा लावलं. यंत्र अडलं. मागं रांग कुरकुरायला लागली.

चेअरमन ओरडले, "आशा, शून्य घाल आन् फुडं चल!"

"आवं साहेब, शून्य म्हंजी पानी. हिनं दूधच घातलं न्हाई. न घातल्याल्या दुधाचं फॅट तुमास्नी ठावं हाय का?"

त्यांनी एकवार रांगेकडं बघितलं. मग पुटपुटले, "न्हाई."

"मग यंत्राला तरी कसं आसंल?"

मग ताईंनी यंत्रात नवी ओळ घातली, 'दूध नसेल तर रेघ मार.' तेव्हापासून दूध न घातलेल्या नावापुढं आडवी रेघ येते आणि बिलं पुढं सरकतात. त्याच दिवशी फळ्यावरचं माझं नाव ताईंनी स्वतः पुसलं. मग दंडाच्या नोटा माझ्या हातावर ठेवल्या.

"मोज. मोठ्यानं."

रांगेसमोर मी मोजल्या. साठच्या साठ.