उत्कृष्ट वाचक, इयत्ता पाचवी

समस्त वाचनप्रेमी नागरिकांना कळवण्यास अत्यंत खेद होतो की, नव्वदच्या दशकात कोपरखैरण्याच्या एका मराठी शाळेने पाचवीतल्या ज्या मुलीला 'उत्कृष्ट वाचक' म्हणून गौरवलं, तिने त्या अख्ख्या वर्षात एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. नागरिकांनी शांतता राखावी. ती मुलगी मीच. बक्षीस मिळालेली कंपासपेटी अजून माझ्याकडे आहे आणि मी ती परत करणार नाही.

आता रीतसर सांगते.

आमच्या शाळेत वाचनालय नव्हतं, ग्रंथपेटी होती. म्हणजे हिरवी पत्र्याची ट्रंक, तिला कुलूप, आणि किल्ली आमच्या वर्गाच्या बाईंच्या पर्समध्ये. दर शनिवारी कवायत झाली की पेटी उघडायची आणि खाकी कव्हर घातलेलं एकेक पुस्तक एकेकाच्या हातात पडायचं. सोबत वाचन-वही. रोज किती पानं वाचली, तात्पर्य काय, खाली पालकांची सही. सोमवारी पहिल्या तासाला उभं राहून ती गोष्ट वर्गाला सांगायची. मुलांना गोडी लागावी म्हणून हा सगळा खटाटोप.

मला गोडी लागली ती उभं राहण्याची. वाचायचा मनापासून कंटाळा. दोन ओळी झाल्या की पायाला मुंग्या यायच्या आणि खाली लगोरी सुरू झालेली ऐकू यायची.

घरात वाचायची ती आई. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात ती सातवीपर्यंत शिकली. आठवीचा वर्ग नदीपलीकडच्या गावात होता, म्हणून शाळा संपली. लग्न होऊन इथे आली तेव्हा वाचायला काय, तर किराण्याच्या पुड्या. साखर डब्यात ओतली की कागद गुडघ्यावर सरळ करून दोन्ही बाजू वाचायची, मगच टाकायची.

पहिलं पुस्तक मी घरी आणलं आणि दप्तरातच ठेवलं. रविवारी संध्याकाळी आठवण झाली आणि भोकाड पसरलं. उद्या वर्गात काय सांगू? आई भाकरी थापत होती.

"गप. ऐक. एक राजा व्हता, त्याला झोप येत न्हवती..." म्हणत तिने शेवटापर्यंत गोष्ट सांगितली.

"तू कधी वाचलंस?"

"तू खाली हुंदडत व्हतीस तवा."

मग आमचं ठरलंच. दुपारी चारपर्यंत पुस्तक आईचं. चारनंतर वाशीच्या कांदा-बटाटा बाजारातून दिवसभर गोणी वाहून दादा, म्हणजे माझे वडील, घरी यायचे, तेव्हा पुस्तक माझ्या मांडीवर. दादांची अक्षरओळख सहीपुरती. पण लेकीच्या वाचनाचा आदर इतका की घरात आवाज बारीक करायचे. "पोरगी वाचतीया. तिला काम सांगू नगंस," असं आईला बजावायचे. मग आई पाणी भरायची, भांडी घासायची आणि मी साहेबीणबाई होऊन अंदाजाने पानं उलटायची. मधेच गालात हसायचं, मधेच कपाळाला आठी घालायची. दादा कौतुकाने बघत राहायचे. भांड्यांच्या ढिगामागून आई मला डोळा मारायची.

दादांना खरं का सांगितलं नाही? लग्नानंतर एकदा आई पेपर उघडून बसली तेव्हा ते म्हणाले होते, "मामलेदार व्हायचंय का?" रागाने नव्हे, गमतीने. आईने ती गंमत दहा वर्षं लक्षात ठेवली होती.

आई गोष्ट सांगायची ती मात्र तार वाचल्यासारखी. "राजा म्येला. रानी रडली. पीठ चाळून दे." तेवढ्यावर मी वर्गात नाटक उभं करायची. राजा मेला तर फळ्याला टेकून, घसरत घसरत, चांगली तीन मिनिटं मरायची. बाई खूश. त्यांनी स्वतः पेटीतलं काही वाचलेलं नसावं. एकदा मी गोष्टीत तळोज्याच्या कारखान्यात शिरलेला वाघ घुसवला, त्यालाही त्या "छान बारकावे टिपलेस" म्हणाल्या.

फेब्रुवारीत पेटीतलं सगळ्यात जाड पुस्तक माझ्या वाट्याला आलं. गोष्ट दीपगृहाच्या रखवालदाराच्या मुलीची. बाप होडी घेऊन समुद्रात जातो आणि परतत नाही. ती एकटी रोज दिवा लावते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गलबताला बापाचा पत्ता विचारते. एवढं लांबलचक आईने आयुष्यात कधी वाचलं नव्हतं. बोट ओळीखाली, ओठ हलताहेत, आणि स्टोव्हवर भाजी करपतेय. दादांनी घास घेऊन तोंड वाकडं केलं तर म्हणाली, "ध्यान न्हवतं," आणि पदराआड हसली.

दोनदा मी ते पुस्तक पुन्हा नावावर घेतलं. भाकरी थापता थापता आई विचारायची, "तुला काय वाटतंय गं, जिता आसंल का त्येचा बाप?"

मला काहीच वाटत नव्हतं. मला सोमवारची काळजी. "आई, संपव ना एकदाचं!"

"घाई करू नगंस. थोडीच पानं ऱ्हायल्यात. पुरवून पुरवून वाचतीया."

वीसेक पानं उरली होती आणि शनिवार उजाडला. बाईंनी या वेळी पुस्तक चाळून बघितलं. खालच्या कोपऱ्यात, जवळजवळ प्रत्येक पानावर, हळदीचा अंगठा.

"हा कोणाचा?"

बक्षीस आठ दिवसांवर आलेलं. पुस्तक खराब करणाऱ्याचं नाव यादीतून कापायचा नियम होता आणि यादीत माझं नाव पहिलं होतं.

"आईचा," मी म्हणाले. श्वास घ्यायलाही थांबले नाही.

"आई वाचते?"

इथे थांबता आलं असतं. पण मला समोर चाळीस प्रेक्षक दिसले. मी पदर खोचल्याचा आविर्भाव केला, भिंतीला टेकून बसले, बोट ओळीखाली धरलं आणि एकेक अक्षर जुळवत वाचलं, "स... मु... द्रा... त." मग खोट्या पदराला हात पुसले आणि अंगठा चाटून पान उलटलं. वर्ग बाकं बडवत हसला. बाई हसता हसता डोळे पुसू लागल्या. पुस्तक पेटीत गेलं. यादीतलं माझं नाव राहिलं. वर्ष संपेपर्यंत आमच्या घरी पुस्तक द्यायचं नाही, एवढीच शिक्षा झाली, आणि मला ती शिक्षा वाटलीसुद्धा नाही.

तेवढी दाद मला पुन्हा कधी मिळाली नाही. आता मी पोटासाठी गोष्टी सांगत हिंडते. मुलांना वाचतं कसं करावं यावर शाळाशाळांतून बोलते, शाल-नारळ घेते. ती नक्कल मात्र पुन्हा केली नाही. आईचे ओठ हलायचे, पण ती अडखळत कधीच नव्हती. अडखळणं मी घातलं, हशासाठी. ते पुस्तक पुढे रद्दीच्या दुकानांतून पुष्कळ शोधलं. पण शोधणार काय? खाकी कव्हरखालचं नाव मी कधी बघितलंच नव्हतं.

त्या शनिवारी घरी येऊन आईला सांगितलं, "बाईंनी पुस्तक काढून घेतलं." का, ते सांगितलं नाही.

"परत मिळंल?"

"नाही."

"बरं," आई म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली.

पुढच्या शनिवारी पालकसभा. दादा कामावर, म्हणून आई आली. लग्नातली जांभळी साडी नेसून पुढच्याच बाकावर अवघडून बसली. मला कंपासपेटी मिळाली, टाळ्या झाल्या. मग बाईंनी पेटीतून ते पुस्तक काढलं आणि पानं फडफडवून सगळ्यांना दाखवलं.

"घरी वाचनाचं वातावरण ठेवा म्हणतो आम्ही, ते मुलांसाठी. ही पुस्तकं मुलांची आहेत. काही माता स्वतःच वाचत बसतात, तेही स्वयंपाकाच्या हाताने. मुलीनेच वर्गात करून दाखवलं, कशा वाचतात ते."

बायका हसल्या. मागून एकजण म्हणाली, "काय ओ वहिनी, दहावीला बसताय का?"

आईने माझ्याकडे बघितलं. एकदाच. ती म्हणू शकली असती, हिने एक पान वाचलेलं नाही. माझं बक्षीस, बाईंची योजना, सगळं तिथेच आडवं झालं असतं. मी कंपासपेटी घट्ट धरून त्याचीच वाट बघत होते. आई उठून उभी राहिली.

"अंगठा माझाच हाय, बाई. चुकलं."

"पुन्हा असं होऊ देऊ नका," म्हणत बाईंनी पुस्तक पेटीत टाकलं, झाकण लावलं, कुलूप हातात घेतलं. आई उभीच.

"बसा आता. झालं ना?"

आई बसली नाही. कुलूप लागताना बघून मात्र तिला राहवलं नाही.

"त्या पोरीचा बाप घावला का न्हाई, तेवढं तरी सांगा की ओ बाई!"