लंगोट आणि वरवंटा

आमच्या विहीणबाईंचं औंढ्यात, देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुकान आहे. बिस्किटं, साबण, अगरबत्ती, वह्या आणि दर्शनी बाजूला छतापर्यंत रचलेली डायपरची पाकिटं. नागनाथाच्या दर्शनाला लोक लेकरं घेऊन येतात आणि लेकरं रांग बघून थांबत नाहीत. श्रावणात आपल्याकडे नारळापेक्षा डायपर जास्त खपतात, असं विहीणबाई स्वतःच कौतुकाने सांगतात. अशा घरच्या नातवाला मी आणि माझ्या लेकीने लंगोट बांधले. पुढे जे झालं ते व्हायचंच होतं.

लेक पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे सेनगावला आली होती. बाळ दवाखान्यातून घरी आलं तेच डायपर घालून. सासरहून एक खोकं आधीच येऊन पडलं होतं, बाळापेक्षा मोठं. पहिले काही दिवस मीही खूश होते. धुण्याचं काम वाचतंय म्हटल्यावर कोण खूश होणार नाही? मग एका सकाळी लेकीने डायपर सोडलं आणि मला हाक मारली. जांघेत, कमरेला, जिथे जिथे रबर बसलं होतं तिथे कातडी उकडल्यासारखी लाल झाली होती. डॉक्टर म्हणाले, मलम लावा, हवा लागू द्या, काही दिवस साधं कापड वापरा.

"काही दिवस कशाला?" लेक म्हणाली. "आता कापडच."

तिने सासूला फोन लावला. विहीणबाई बहुधा गल्ल्यावर होत्या, मागून गिऱ्हाइकांचा गलका येत होता.

"कापड?" त्या म्हणाल्या. "आगं, दुसऱ्या कंपनीचं पाठवून देते की! चिंध्या काहून बांधून राहिलीस? लोकं म्हणतील, दुकान बुडालं ह्यांचं."

"आत्याबाई, मी ठरवलंय."

पलीकडे आधी गिऱ्हाइकाचे पैसे मोजले गेले. मग कुणाला तरी "सुट्टे न्हाईत" असं ओरडून झाल्यावर आवाज आला, "बारशाला येते. मग बोलू."

मला धास्ती होती ती या 'मग बोलू'ची. लग्न झाल्यापासून त्या घरात माझ्या लेकीने स्वतःचं म्हणून काही ठरवलं नव्हतं. तिच्या खोलीचा रंग, तिचं डोहाळजेवण, बाळंतपणाचा दवाखाना, सगळं वरून ठरून आलं. ती गरीब स्वभावाची आहे असं सगळे म्हणत, म्हणजे ती कुणाला अडवत नाही. हे पहिलंच अडवणं होतं. लंगोट तर लंगोट. पण हे मोडलं असतं, तर पुढे तिचं प्रत्येक म्हणणं त्याच वाटेने गेलं असतं.

ठरवणं सोपं होतं, कापड मिळवणं अवघड निघालं. आमच्याकडे लेकराच्या अंगाला पहिलं कापड लागतं ते जुनं, एखाद्या म्हातारीच्या अंगावर मऊ झालेलं. तिचं आयुष्य लेकराला लागतं म्हणतात. आयुष्याचं मला माहीत नाही, पण जुनं सूत पाणी पितं, हे खरं. मी कपाट उघडलं. शाळेतल्या नोकरीभर नेसलेल्या साड्या घड्या घालून ठेवल्या होत्या आणि त्यातली एकही सुती नव्हती. सगळ्या चकचकीत, न चुरगळणाऱ्या, इस्त्री न मागणाऱ्या. लंगोटाला उपयोग शून्य. ह्यांनी धोतर लग्नात नेसलं होतं, तेही भाड्याचं.

शेवटी शेजारच्या म्हातारीकडे गेले. ती अजून लुगडं नेसते.

"सूत कुठं राह्यलं आता, मास्तरीणबाई?" ती म्हणाली. "माझ्या सुनांच्या साड्या दिव्याजवळ न्हेल्या तर गोळा होऊन राहिल्यात."

तिने ट्रंकेतून दोन विटकी लुगडी काढून दिली आणि वर बजावलं, "घ्या. पण लेकराचं कापड पिळायचं न्हाई बरं. लेकराला पीळ पडतो. रातभर अंग मोडतंय मग."

हे मला तिने सांगायची गरज नव्हती. माझ्या आईने सांगितलं होतं, सासूनेही सांगितलं होतं. आम्ही लंगोट हलक्या हाताने दाबायचो आणि तसेच टाकायचो, पाणी गळत. माझ्या लेकीच्या वेळी उन्हाळा होता, म्हणून त्या शास्त्राची कधी परीक्षाच झाली नाही.

दरम्यान लेकीने मोबाइलवरून नव्या पद्धतीचे कापडी डायपरही मागवले. पृथ्वी वाचवायची वस्तू एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि सोबत एक गुळगुळीत कागद. त्यावर एक गोरं बाळ आपण करत असलेल्या उपकाराने भारावून हसत होतं. बाहेरून हत्ती-जिराफ छापलेली चड्डी, तिला टिचबटणं, आत सरकवायला जाड पॅड. वापरण्याआधी अनेकदा धुवा, म्हणजे पॅड पाणी शोषू लागेल, असं त्या कागदावर खाली बारीक अक्षरात होतं. आम्ही वरची मोठी अक्षरं वाचली आणि एकदाच धुतलं. बाळाने काम उरकलं, आणि ते सगळं अळूच्या पानावरून घरंगळावं तसं पॅडवरून घरंगळून माझ्या मांडीवर आलं. प्लॅस्टिकवाले कोरडेपणाचा डांगोरा पिटतात, हे पुण्यकर्माचा पिटतात. बाळ मात्र दोन्हीकडे सारख्याच निष्ठेने मुतत होतं.

मग आम्ही पॅड धुतले, पुन्हा धुतले, आणि तिथे खरी अडचण उभी राहिली. पावसाची झड लागलेली. आकाश गोणपाटासारखं. ओसरीत ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, दोऱ्यांवर लंगोट आणि पॅड, सगळ्यांतून पाणी ठिबकतंय, आणि खाली घरातली सगळी पातेली. शेगडीत निखारे घालून वर बांबूचं डालगं पालथं घातलं आणि त्यावर लंगोट पसरले. पातळ लुगड्याचे वाळले, ओव्याच्या धुरीचा वास घेऊन. जाड पॅड वाळेनात. त्यांना ओल्या पोत्याचा वास यायला लागला.

"आई, पीळ ना ते," लेक म्हणाली.

"लेकराचं आहे."

"मग मशीनमध्ये टाक."

"मशीन काय करतं? पिळतंच की."

ती बाजेवर उठून बसली. "शाळेत विज्ञान प्रदर्शन कोण भरवायचं? लिंबू-मिरचीवर भाषण कोण द्यायचं?"

"ते शाळेत," मी म्हणाले.

घरात एकही सुकं कापड उरलं नाही, तेव्हा कोपऱ्यातल्या खोक्याकडे आम्हा दोघींची नजर एकदमच गेली. त्यात कोरडी, पांढरी, पुस्तकांसारखी रचलेली डायपर होती. लेकीने बाळाच्या जांघेवरची नुकती निवत आलेली लाली पाहिली आणि तोंड फिरवलं. मी उठले, न्हाणीत गेले, आणि एक पॅड दोन्ही हातांनी असा पिळला की माझंच मनगट करकरलं. मग दुसरा. मग सगळे. बाहेर येऊन बाळाकडे बघितलं. ते झोपेत ओठ चोखत होतं. रात्रीही झोपलं. मी मात्र अधूनमधून उठून त्याला पीळ पडलाय का ते बघत होते. बुद्धी एका रात्रीत बदलते, हाताला जरा वेळ लागतो.

बारशाला विहीणबाई जीपने आल्या. सोबत सासरची सगळी मंडळी, आणखी दोन खोकी, आणि एक फ्लेक्स. फ्लेक्स आमच्या दारात बांधला गेला. त्यावर बाळाला काळा चष्मा लावलेला होता आणि भोवती शुभेच्छुकांचे चेहरे. बाळ बोराएवढं, शुभेच्छुक भोपळ्याएवढे. त्यातल्या बऱ्याच जणांनी बाळ पाहिलेलंही नव्हतं.

विहीणबाई ओसरीत आल्या आणि दोऱ्यांखाली थांबल्या.

"हे काय, विहीणबाई? तोरणं बांधलीत व्हय?"

"नातवाची आहेत," मी म्हणाले. "त्यानेच रंगवलीत."

त्यांच्या मागच्या बायका खुसखुसल्या. विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून एक छोटी शेरवानी काढली. जरीची, गळ्याला खोटे मोती, आत जाळीचं कडक अस्तर. वर एक डायपर ठेवलं आणि दोन्ही लेकीच्या हातात दिलं.

"फोटोवाला येऊन राह्यला. हे घाल आन् आण बाहीर. आमचं दुकान समद्या औंढ्याला ठावं हाय. माझ्या नातवानं चार लोकांत फडकं गुंडाळून पाळण्यात जायचं न्हाई. बराबर?"

लेकीने ते घेतलं आणि आतल्या खोलीत गेली. दार लावलं. हीच ती वेळ होती, आणि ती नेहमीसारखी मान खाली घालून गेली होती. मी मागे जावं असं दहा वेळा वाटलं. गेले नाही. माझ्या तोंडून आलेलं 'नाही' माझंच झालं असतं.

बाहेर पाळणा सजला होता. आमच्याकडे पाळण्यात लेकराच्या आधी वरवंटा निजवतात. त्याला बाळासारखं टोपडं घालतात, बायका त्याला पाळण्याखालून-वरून एकमेकींकडे देतात, लेकरू दगडासारखं धडधाकट व्हावं म्हणून. तो धुऊन आतच ठेवला होता. बायकांनी आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, "वरवंटा आणा गं कुणी!"

दार उघडलं. लेक आली. एका हातावर बाळ होतं, म्हातारीच्या विटक्या लुगड्याच्या लंगोटात आणि साध्या झबल्यात. दुसऱ्या कुशीत वरवंटा होता. वरवंट्याला डायपर होतं, दोन्ही बाजूंनी चिकटपट्ट्या नीट लावलेलं. वर शेरवानी, सगळे मोती जागच्या जागी.

तिने वरवंटा पाळण्याजवळ उभ्या बाईच्या हातात दिला.

"आत्याबाई," लेक म्हणाली. "तुमचं मन मोडलं नाही. शेरवानी पाळण्यात आधी जाईल. ह्याला घाम येत नाही आणि पुरळही उठत नाही. माझ्या लेकराला उठतं. हे बघा." आणि तिने लंगोटाची कड बाजूला करून सगळ्यांना ती लालसर पट्टी दाखवली.

शेजारची म्हातारी पहिल्यांदा हसली. मग हसू आवरेनासं झालं. वरवंटा हातोहात फिरला, कुणी म्हणालं, "बापावर गेलाय गं, बोलतच न्हाई!" जावईबापू कोपऱ्यात उभे होते, त्यांनी मान्य असल्यासारखी मान डोलवली. फोटोवाल्याने फोटो काढला. शेरवानीतला तो फोटो अजून आमच्याकडे आहे, वरवंटा देखणा आलाय.

विहीणबाई हसणाऱ्यांत नव्हत्या. त्यांनी बाळ घेतलं, झबलं वर केलं, ती पट्टी बोटाने चाचपली. दुकानदार बाईची नजर असते, मालातली खोट तिच्यापासून लपत नाही. पण त्या म्हणाल्या एवढंच, "इथं तुमचं चालू द्या. सव्वा महिन्यानं लेकरू माझ्या घरी येऊन राहिलंय. तिथं बघू."

'मग बोलू'चं आता 'तिथं बघू' झालं होतं. सव्वा महिन्याने लेक निघाली. बाळंतविडा, डिंकाचे लाडू, पायातले वाळे, हे सगळं मी जीपमध्ये मागे ठेवलं. लंगोट आणि वाळलेले पॅड लेकीने स्वतःच्या मांडीवर घेतले. मी तिला नायलॉनची नवी दोरी आणि चिमटे दिले. जिभेवर खूप काही आलं होतं. "दोरी ताणून बांध," एवढंच म्हणाले. फोनवर ती बाळाचं सांगायची, लंगोटांचं सांगायची नाही. मीही विचारलं नाही. विचारून ऐकण्यापेक्षा बघावं असं ठरवलं.

दसरा झाल्यावर मी एसटीने औंढ्याला गेले. स्टँडवरून देवळाच्या रस्त्याला लागले आणि लांबूनच दुकान दिसलं. खाली पाकिटांची भिंत नेहमीसारखी उभी होती. वर गच्चीत, बरोबर दुकानाच्या पाटीच्या वर, रस्त्याला तोंड करून माझी नायलॉनची दोरी ताठ बांधलेली, आणि तिच्यावर विटक्या लुगड्याचे लंगोट आणि हत्ती-जिराफ. दर्शनाला जाणारे वर बघत होते. एक गिऱ्हाईक हातात पाकीट घेऊन विहीणबाईंना विचारत होतं, "वर ते काय वाळून राहिलंय? तुमच्याच घरी हे वापरत न्हाई का?"

"घ्यायचं तर घे, न्हाई तर ठेव खाली," विहीणबाई म्हणाल्या. "घरात कोण काय वापरतं ते दुकानात इचारायचं न्हाई."

मला पाहून त्यांनी चहा सांगितला. आम्ही पावसाबद्दल आणि गर्दीबद्दल बोललो. उन्हं कलली तशा त्या गल्ला सोडून उठल्या, जिन्यावरून धापा टाकत वर गेल्या, मी मागोमाग. दिवेलागणीनंतर लेकराचं कापड बाहेर ठेवत नाहीत. त्या भराभर चिमटे काढत, लंगोट खांद्यावर टाकत पुटपुटत होत्या, "कितीदा सांगितलं, सांजच्या आत काढत जा, काढत जा." मग एका पॅडवर हात थांबला. कापडावर पिळाच्या सुरकुत्या तशाच वाळल्या होत्या. त्यांनी तो माझ्यासमोर धरला.

"हे पिळलंय. लेकराचं कापड पिळलं काहून? विहीणबाई, तुमच्या लेकीला येवढंबी ठाऊक न्हाई?"

"मीच शिकवलंय," मी म्हणाले, आणि उरलेले लंगोट काढायला लागले.