शिवेवरचा काट्यांचा झापा

वादळ झालं की लोक देवाला दोष देतात. सोपं पडतं ते. देव काही चिचेखाली गावच्या बैठकीला येऊन बसत नाही, की त्याला कोणी उलटून विचारावं. मी त्या वादळाचा राग देवावर कधीच काढला नाही. माझा राग माणसांवर आहे, इतकी वर्षं झाली तरी निवलेला नाही, आणि तो निवावा अशी माझी इच्छाही नाही.

आमचं गाव चिचगडच्या पुढं, जंगलाला टेकून. माझा बाबा गावाचा गायकी होता, म्हणजे साऱ्या गावाची गुरं चारणारा. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपला आणि चहूकडं धान उभा राहिला की गावात जनावरांना तोंड घालायला जागा उरत नसे. कामाचे बैल आणि दुभत्या गाई घरी ठेवून बाकीचा कळप घेऊन बाबा जंगलात जाई आणि दिवाळीला परत येई. त्या कळपात आमची म्हणायला एकच गाय होती. बाकी सगळी गावाची. पण बाबाला विचारलं असतं तर त्यानं सगळीच आपली म्हणून सांगितली असती. माय आणि मी गावातच राहायचो, दर चार-दोन दिवसांनी त्याला शिधा पोचवायचो.

गावाची एक रीत होती. पुढं मी बरीच गावं पाहिली, पण ही रीत कुठं दिसली नाही. जंगलातून येणारी वाट शेतांच्या मधून जायची. गुरं जंगलात गेली की त्या वाटेवर, शिवेपाशी, बोरी-बाभळीच्या फांद्यांचा झापा लावून वाट बंद करत. तो झापा बांधायचा गायकीनं. कळपातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या गाईच्या पाठीवर हात ठेवून त्यानं म्हणायचं, शेतातला शेवटचा कडपा उचलल्याशिवाय आणि मालकानं सांगितल्याशिवाय हा झापा सुटणार नाही. कडपा म्हणजे कापून बांधीतच, बांध घातलेल्या वावरातच, वाळायला पसरलेला धान. मालक म्हणजे गावचा मालगुजार, सारा वसूल करणारा जमीनदार. दिवाळीत तो शिवेवर येऊन नारळ फोडायचा, 'खोल' म्हणायचा, आणि गुरं वाजतगाजत गावात यायची. त्या दिवशी गायकीच्या गळ्यात हार पडायचा.

ऐकायला गोड आहे. लहानपणी मलाही ते गोडच वाटायचं. आता वाटतं, काय डोकं आहे पाहा गावाचं! ज्याच्या गुरांवर धान खाल्ल्याचा आळ यायचा, त्याच्याच हातानं वाट बांधून घ्यायची, वर गाईची शपथ. राखणदार ठेवायची गरजच नाही. माणूसच स्वतःचा राखणदार.

त्या वर्षी दिवाळी तोंडावर आली होती. मोठ्या तापाची साथ येऊन गेली त्यानंतरचीच ती वर्षं. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. हलका, लवकर येणारा धान कापून झाला होता, वाटेच्या दोन्ही अंगांना मालगुजाराच्या बांध्यांमध्ये कडपा पसरलेला होता. बाबानं दरवर्षीसारखा कळप खाली आणला. जंगलाच्या अंगाला नाला, गावाच्या अंगाला काट्यांचं कुंपण आणि झापा, मध्ये उघडं गवताचं रान. तिथं चार-पाच दिवस गुरं थांबायची आणि मग नारळ फुटायचा.

दुपारी पूर्वेकडून वारा सुटला. आमच्याकडचा पाऊस पश्चिमेकडून येतो, त्यामुळं म्हातारी माणसंही बाहेर येऊन पाहत राहिली. संध्याकाळपर्यंत पाऊस आडवा मारायला लागला. छपरावरची कवलं उडाली. आमच्या घरावर कवलं नव्हतीच, धानाच्या पेंढ्याची तणस होती, ती तर कधीच गेली होती. आणि गारठा असा, की दिवाळीच्या आधी तसा गारठा मी पुन्हा कधी पाहिला नाही.

हे वादळ समुद्रातून निघतं हे मला फार उशिरा कळलं. लग्नानंतर मी गोंदियाला आले. तिथं बिडीच्या कामावर माझ्याशेजारी समुद्राकडची एक बाई बसायची. कोळ्यांची लेक. रेल्वेच्या कामावर आलेल्या नवऱ्याच्या मागं ती इकडं आली होती. तिच्या लहानपणी एका वादळात समुद्र घरात शिरला आणि तिचे दोन भाऊ घेऊन गेला. मी तिला आमच्या वादळाचं सांगितलं, तर ती पान कापता कापता म्हणाली, "तुम्हारे यहाँ तो मरा हुआ तूफान आता है, बाई." इतका मुलूख ओलांडून येईस्तोवर त्याच्यात जीव राहत नाही म्हणे. मग तिनं विचारलं, तुमच्याकडं कोण गेलं? मी म्हटलं, गाई. ती हसली नाही, एवढं तिचं मोठेपण.

मेलेलं वादळ. ती खरंच बोलत होती. आमच्याकडं आलं ते मेलेलंच असेल. राहिलेलं काम गावानं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय आणि मी डोक्यावर पोतं घेऊन शिवेवर गेलो. नाला फुगून लाल झाला होता. रात्रीच त्यानं काठावरची काही वासरं ओढून नेली होती. मागं जंगलात जायला वाट नव्हती. सगळी गुरं झाप्यापाशी येऊन एकमेकांना चिकटून उभी होती, वाऱ्याकडं पाठ करून, माना खाली घालून. त्यांच्या अंगाचा थरकाप डोळ्यांना दिसत होता. तीन-चार गुरं खाली बसली होती. ओल्यात बसलेलं जनावर उठत नाही हे आमच्या घरात पोरालाही माहीत होतं. बाबा त्यांच्या पाठी गवतानं चोळत होता, एकीची झाली की दुसरीची.

गावात मालगुजाराची मोठी कोठारं होती, रिकामी. धान यायचाच होता ना अजून. आखरावर, गुरं गोळा करायच्या जागी, वडाचा आडोसा होता. प्रत्येकाच्या घरी गोठा होता. झाप्यापासून हाकेच्या अंतरावर सगळं.

बाबा मला म्हणाला, "बाई, धावत जा. मालकाले म्हन, नाल्याले पूर आला, मांगं जाता येत नाई. झापा खोलाचा हुकूम द्या म्हन."

मी धुऱ्याधुऱ्यानं, शेताच्या बांधांवरून, धावत गेले. मालगुजाराच्या ओसरीवर सात-आठ जण बसले होते, मध्ये शेगडी पेटलेली. त्यातल्या प्रत्येकाची जनावरं तिकडं रानात होती, हे मी मुद्दाम सांगते. परक्याची नव्हती. मी बाबाचा निरोप सांगितला.

मालगुजार म्हणाला, "वाटेच्या दोन्ही अंगानं कडपा हाय. उपाशी गुरं आत आली तं एक काडी ठेवनार नाईत. उद्या पानी उघडते. दम धर म्हनाव तुह्या बापाले."

"मालक, मांगं जाता येत नाई," मी पुन्हा म्हटलं.

"तं पुढं बी येता येत नाई," ओसरीवरचा कोणीतरी म्हणाला, आणि दोघं-तिघं हसले.

तो हसणारा मला आजही दिसतो. त्याच्या दोन गाई आणि एक गोऱ्हा त्या रानात मेला. हसताना त्याच्या हातात गरम चहाची वाटी होती. त्याच्या वंशाचं मी कधी वाईट चिंतलं नाही, पण त्याचं चिंतलं, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

मी परत येऊन सांगितलं. बाबा नुसता 'हं' म्हणाला आणि पुन्हा पाठी चोळायला लागला. माय मात्र पेटली. "उद्या? या गाई उद्या पाहनार हायेत असं वाटते का तुमाले?" ती झाप्यापाशी गेली आणि तिनं काट्यांतच हात घातला. दोर ओला होऊन फुगला होता, गाठ सुटेना. ती दातांनी ओढायला लागली.

बाबा धावत आला आणि त्यानं तिचं मनगट धरलं. माझ्या बाबानं मायवर कधी हात उगारलेला मी पाहिला नव्हता. तेव्हाही उगारला नाही. पण धरलं ते असं, की तिला हलता येईना.

"मी नाई घेतली कोन्या गाईची शपथ!" माय ओरडली. "माहे हात मोकळे हायेत. सोडा!"

"तुह्या हातानं सुटला तरी माहाच शब्द मोडते," बाबा म्हणाला. "मालक म्हनल्याबिगर नाई."

"मरून राहिल्या त्या गाई! ज्यांची शपथ घेतली त्याच मरून राहिल्या!"

बाबाच्या दाढीवरून पाणी गळत होतं. त्यानं मनगट सोडलं नाही. मायच्या हाताला काट्यांनी रक्त येत होतं, पावसानं धुऊन जात होतं, पुन्हा येत होतं. शेवटी तीच खाली बसली.

मला बाबाचा राग येत नाही असं मी कशाला खोटं सांगू? येतो. गावाचा येतो त्याहून वेगळा येतो, पण येतो. इमानी माणूस म्हणून त्याचं नाव होतं. त्या इमानाला काय चाटायचं होतं? एक गाठ सुटली असती तर गुरं आत आली असती, कडपा खाल्ला असता, गावानं शिव्या दिल्या असत्या, फार तर गायकीचं काम गेलं असतं. गाई उभ्या राहिल्या असत्या. पण शब्द दिला म्हणजे दिला, अशी आमच्या लोकांची खोड. आणि ती खोड कोणाच्या कामी येते ते घेणाऱ्याला बरोबर माहीत असतं.

मालगुजाराच्या त्या 'उद्या'ला पाणी उघडलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी उघडलं, दुपारच्या सुमारास, आणि असं लख्ख ऊन पडलं की शिवी द्यावीशी वाटली. तोवर निम्म्याहून जास्त कळप आडवा झाला होता. आमची गायही त्यात होती. जी उभी होती ती झाप्याला अंग टेकून उभी होती, काटे कातड्यात रुतलेले.

आणि धान? तो सांगायचाच राहिला. बांध्या तुडुंब भरल्या होत्या, कडपा पाण्यावर तरंगत होता. पाणी ओसरलं आणि उन्हात त्या कापलेल्या धानाला तिथल्या तिथं कोंब फुटले. हिरवेगार. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, पीक काय जोरात आहे! हाताला एक मूठ लागली नाही. तेलही गेलं, तूपही गेलं. गुरांच्या तोंडातून वाचवलेला धान, उरल्या गुरांनाही घालण्याजोगा राहिला नाही.

चार दिवसांनी चिचेखाली बैठक बसली. दिवाळी कोणी केलीच नाही. सारं गाव होतं. बाबाला मध्ये उभं केलं. माय आणि मी बायकांच्या मागं.

मालगुजार म्हणाला, "काऊन बे, झापा काऊन नाई खोलला? डोळ्यापुढं जनावरं मरून राहिली होती तं हात काय पोटाशी धरून बसला होता?"

मला वाटलं, मला ऐकायला आलं ते खोटं आहे. मी त्या ओसरीवरच्या सात-आठ तोंडांकडं पाहिलं. सगळी समोरच होती. एकजण जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता. दुसरा चिचेच्या शेंड्याकडं पाहत होता. बाकीचे मालगुजाराकडं.

मायनं पदर खोचला आणि ती पुढं आली. भर बैठकीत बाईमाणूस बोलत नसे. ती बोलली. "माह्या पोरीले तुमी काय सांगून धाडलं, मालक? दम धर म्हनले नाई का?"

"दम धर म्हनलो," मालगुजार म्हणाला. "मरू दे म्हनलो नाई."

दोन-तीन माना हलल्या. बरोबर आहे, मालक मरू दे असं काही म्हणाले नव्हते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी त्या दिवशी उघड्या डोळ्यांनी पाहिली, आणि फाशी देणारे सगळे बाबानंच चारलेल्या गाईंचं दूधदही खाल्लेले होते.

माय पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा म्हणाला, "चुकलो, मालक."

त्यानं हात जोडले. मालगुजाराकडं, मग फिरून सगळ्या बैठकीकडं.

त्या एका शब्दानं काय झालं ते मी पाहिलं. सगळ्यांचे चेहरे सैल झाले. काडीनं रेघा ओढणाऱ्यानं काडी टाकली. कोणी तंबाखू चोळायला लागलं. मालगुजार मोठ्या मनानं म्हणाला, "झालं ते झालं, गरिबाले किती बोलाचं," आणि त्यांनी गायकीचं काम दुसऱ्याला दिलं. लोक घरी गेले. त्या रात्री गावाला झोप चांगली लागली असणार.

बाबानं पुन्हा कळप हाकला नाही. जंगलात लाकूडतोडीला जाऊ लागला, मग तेही सुटलं. म्हातारपणी मी त्याला गोंदियाला माझ्या घरी आणलं. माय तोवर गेली होती. त्या दिवसानंतर ती त्याच्याशी बोलायची, जेवायला वाढायची, पण झाप्याचा विषय तिनं मरेपर्यंत काढला नाही. मी काढला. तो खाटेवर पडून होता, फार दिवस राहणार नव्हता, दोघांनाही ठाऊक होतं. मी विचारलं, "बाबा, तुमी चुकलो काऊन म्हनले? मालकाचाच हुकूम होता ना?"

तो म्हणाला, "कोनी तं म्हनाले पायजे होतं, बाई. येवढी जनावरं मेली."

"मंग मालक काऊन नाई म्हनला?"

बाबानं माझ्याकडं पाहिलं. हा प्रश्न त्याच्या मनात कधी आलाच नव्हता, हे मला त्याच्या डोळ्यांत स्वच्छ दिसलं.