ताहेरभाईच्या काचेवरची रेघ

औशात माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागूनच ताहेरभाईचा फोटो स्टुडिओ. मधे एकच भिंत, आणि तीही इतकी पातळ की मी इकडे शिंकलो की पलीकडून आवाज यायचा, "अप्पा, काढा घ्या." मी ईश्वरप्पा, पण गावाला नुसता अप्पा. ताहेरभाईसारखा शेजारी मिळायला नशीब लागतं असं लोक म्हणतात. शेजारी राहून बघा म्हणावं! माणूस सोन्यासारखा, यात वाद नाही, पण एक नंबरचा वहमी. त्याच्या स्टुडिओत शिरताना चप्पल बाहेर, पिशवी बाहेर, आणि खोकला येत असेल तर तोही बाहेरच ठेवून यायचं. धूळ उडते म्हणे. औशात धूळ उडणार नाही तर काय केवडा दरवळणार?

हा वहम मात्र पहिल्यापासूनचा नव्हता. तो त्र्याण्णव सालच्या भूकंपानंतर लागला.

त्या दिवसांत किल्लारीकडची माणसं औशात यायची. ट्रकमधून आलेलं धान्य, घोंगड्या, कपडे तिकडे मिळत होते. ताहेरभाईकडे ती चेहरे मागायला यायची. घरं बसली तशी भिंतीवरचे फोटोही मातीत गेले होते, आणि माणसं तर गेलीच होती. कुणाचं लग्न ताहेरभाईनं टिपलेलं, कुणाचं बारसं. त्यानं दुकानाची बाकी सगळी कामं बंद केली, निगेटिव्हचे पत्र्याचे डबे उघडले आणि कितीतरी दिवस फक्त गेलेल्यांचे फोटो धुतले. अंधारखोलीतून बाहेर यायचा तेव्हा डोळे लालभडक. औषधाच्या वासानं असं तो सांगायचा, आणि आम्ही मान डोलवायचो.

त्यातच एक दिवस केवळाबाई आल्या. औशाजवळच्याच खेड्यातल्या, चार एकर कोरडवाहू कसणाऱ्या. त्यांची एकुलती एक लेक तारामती किल्लारीकडच्या गावात दिलेली. ती, तिचा नवरा, सासू-सासरे, सगळे एका पहाटेत गेले. तारामतीची तीन वर्षांची आरती तेवढी आजीकडे आलेली होती म्हणून वाचली. तिला कडेवर घेऊन केवळाबाई स्टुडिओच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ताहेरभाऊ, माझ्या तारामतीचं तोंड पायजे. या लेकराला आई कशी होती ते दावायचं हाय."

लग्न ताहेरभाईनंच टिपलेलं. निगेटिव्ह सापडली. जोडीचे फोटो ओलीनं गेलेले, तारामतीचा एकटीचा तेवढा एक शिल्लक. पण डब्यात घासून त्याच्यावर ओरखडा पडलेला. कागदावर फोटो उमटला तो कपाळापासून हनुवटीपर्यंत सरळ पांढरी रेघ घेऊनच. त्यानं बारीक कुंचल्यानं रेघ भरायचा प्रयत्न केला, तर डोळा भलताच दिसायला लागला. शेवटी तो आहे तसा फोटो त्यानं केवळाबाईंच्या हातात दिला. त्यांनी पदराखाली फोटो घेतला, पोरीला कडेवर सावरलं आणि गेल्या. त्या दुपारी ताहेरभाई माझ्या दुकानात येऊन बसला आणि म्हणाला, "अप्पा, त्या माउलीची लेक एकदा भूकंपानं नेली. दुसऱ्यांदा मी चिरली." मी चहा सांगितला.

तेव्हापासून ओरखडा म्हटलं की या माणसाच्या अंगावर काटा.

बारा-तेरा वर्षं गेली. लातूर पॅटर्नची हवा औशापर्यंत पोचली. ज्याच्या त्याच्या पोराला डॉक्टर व्हायचं होतं. एवढ्या डॉक्टरांसाठी आजारी पडायला मात्र कुणी तयार नव्हतं. क्लासवाल्यांना गुणवंतांचे फोटो आज काढून उद्या बोर्डावर हवे असायचे, रोल धुवायला थांबायला वेळ कुणाला? मग ताहेरभाईनंही लातूरहून डिजिटल कॅमेरा आणला. दुकानदारानं चार गोष्टी सांगितल्या, पण याच्या कानात एकच राहिली: "चाचा, मागच्या काचेला जपा. ओरखडा पडला की गेली."

झालं! आधीच मर्कट, तशात मद्य प्याला. काचेवर कंपनीचा पातळ कागद होता, तो यानं काढलाच नाही. त्याची टोकं वळली, आत केस आणि माती शिरली, तरी हा अंगठ्यानं दाबून बसवत राहिला. तो आपणहून गळून पडल्यावर यानं एक कोरी निगेटिव्ह घेतली, धुऊन अगदी पारदर्शक केली, काचेच्या मापाची कापली आणि एका कडेला चिकटपट्टी लावून झडपेसारखी बसवली. तिच्यावर बायकोकडून, म्हणजे आमच्या जाहिदाभाभीकडून, मखमलीचं झाकण शिवून घेतलं. फोटो काढला की मखमल उचलायची, झडपेतून क्षणभर बघायचं, पुन्हा झाकायचं. मी म्हणालो, "ताहेरभाई, कॅमेरा आणलाय का नवी नवरी?" तो हसला नाही.

आणि ऐका, महिना होत आला तरी त्यानं एकही फोटो छापून आणला नव्हता. गिऱ्हाईक विचारायचं तर याचं उत्तर ठरलेलं: "रोल संपू दे." कॅमेऱ्यातला आकडा अजून शेकड्यांनी फोटो बाकी आहेत असं दाखवत होता, आणि अर्धा रोल धुवायला देणं ताहेरभाईच्या धर्मात बसत नव्हतं.

अशात आरती दहावीला उत्तम गुणांनी पास झाली. तिला लातूरला अकरावीला घालायचं ठरलं, क्लास लागला, होस्टेलात जागा मिळाली. जायच्या आधी केवळाबाई तिला घेऊन स्टुडिओत आल्या. दोन वेण्या, नवा ड्रेस, आणि डोळ्यांत जायची घाई. ताहेरभाईनं तिला खुर्चीवर बसवलं आणि फोटो काढला. मग त्यानं कधी नाही ते केलं. मखमल उचलून कॅमेरा केवळाबाईंपुढे धरला.

केवळाबाईंनी काचेत बघितलं. नात आतून हसत होती. बाईंचा हात आपोआप पुढे गेला. आमच्याकडे लेकराची माया आली की कसं करतात, तसं त्यांनी त्या चेहऱ्यावरून तळहात फिरवला, चांगला दाबून, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि दोन्ही हात आपल्या कानशिलांवर नेऊन कडाकडा बोटं मोडली. "दृष्ट लागंल गं बाई," म्हणाल्या. मी दारातच उभा होतो. ताहेरभाईचा श्वास अडकलेला मला दिसला, पण आजीच्या हाताला नको कोण म्हणणार?

आरती लातूरला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून हाक आली, "अप्पा, घात झाला."

जाऊन बघतो तर ताहेरभाई फरशीवर बसलेला, मांडीवर कॅमेरा, झडप उघडी. काचेवर वरून खालपर्यंत ओरखडा. आरतीच्या चेहऱ्यावर बरोबर मधोमध. "हे बघा," म्हणाला, आणि एकेक फोटो मागे नेऊ लागला. क्लासच्या पोरांवर रेघ. शेख मास्तरांच्या मुलीच्या लग्नातल्या नवरीवर रेघ. नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या केकवरसुद्धा रेघ. "सगळे फोटो चिरले अप्पा. आतल्या आत चिरले."

खरं तर इथं मी शहाणपणानं काही बोलायला हवं होतं. मी बोललो ते असं, "व्हय ताहेरभाई, माझ्या मशीनच्या काचेवर मागं रेघ पडली व्हती, तर दर कागदावर काळी लाइन येत व्हती. काच बदलेपर्यंत थांबली न्हाई." झेरॉक्सवाल्याची साक्ष म्हणजे पुरावाच! त्याचा चेहरा पार उतरला.

"त्याच घरावर परत," तो म्हणाला. "आधी लेक, आता नात. कोणत्या तोंडानं सांगू त्यांना? मी दुकान बंद करतो. मेहुण्याच्या बांगड्यांच्या दुकानात बसतो. बांगडी फुटली तर दुसरी देता येती."

मला त्याची दया आली आणि रागही आला. एवढा मोठा माणूस, आणि एका रेघेनं असा खचला. पण खरं सांगायचं तर मलाही वाईट वाटत होतं. केवळाबाईंना पुन्हा तसलाच फोटो द्यायचा, ही कल्पनाच सोसवत नव्हती.

शेवटी भाभीनं तोंड उघडलं. दारामागून सगळं ऐकत होत्या. "एकदा धुऊन तर आणा," म्हणाल्या. "न धुताच रोल खराब झाला म्हणून रडतं का कुणी? अप्पा, तुम्ही यांच्यासंगं जा. एकटे गेले तर रस्त्यातूनच माघारी येतील."

म्हणून आम्ही काळीपिवळी जीपमधून लातूरला निघालो. ताहेरभाईनं कॅमेरा दुपट्यात गुंडाळून छातीशी धरलेला. शेजारच्या बाईनं प्रेमानं विचारलं, "बाळ किती महिन्यांचं?" मी खिडकीबाहेर बघायला लागलो. लातूर जवळ आलं तसे क्लासचे बोर्ड सुरू झाले. प्रत्येक बोर्डावर हसऱ्या पोरापोरींचे चेहरे ओळीनं लावलेले, स्वच्छ, गुळगुळीत. ताहेरभाईनं त्या बोर्डांकडेही पाठ केली.

फोटो लॅबमध्ये कॉम्प्युटरवर कहकशां नावाची मुलगी बसली होती. तिनं कॅमेरा हातात घेतला आणि खालचं झाकण खटकन उघडलं.

"अगं बेटी, उजेड लागंल!" ताहेरभाई ओरडलाच, आणि दोन्ही हातांनी कॅमेरा झाकायला धावला. लॅबमधली सगळी माणसं वळून बघायला लागली. कहकशांनं शांतपणे आतून नखाएवढं काळं कार्ड काढलं. "चाचा, याला उजेड लागत नाही," म्हणाली, आणि ते कार्ड मशीनमध्ये घातलं.

आरतीचा चेहरा पडद्यावर आला. टीव्हीएवढा मोठा. ताहेरभाई पुढे झाला. नाक पडद्याला लागेल इतका जवळ गेला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत हवेतच बोट फिरवत शोधू लागला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं, मग त्या मुलीकडे.

"रेघ कुठंय?"

"कसली रेघ?"

त्यानं कॅमेऱ्याची मागची काच तिला दाखवली. तिनं ती बघितली, ती झडप बघितली, आणि हसू दाबत म्हणाली, "चाचा, खिडकीच्या काचेला चरा पडला म्हणून घरातल्या माणसाला जखम होती का? फोटो या कार्डात आहेत. काच नुसती बघायला आहे." मग तिनं झडप उलटी करून त्याला दाखवली. आत रेतीचे बारीक कण अडकलेले होते. "ओरखडा कुणाच्या हातानं नाही पडला. हे तुम्ही संरक्षण लावलं ना, त्याच्याखाली धूळ गेली. वरून दाबलं की तीच घासली."

ताहेरभाई खाली बसला. आणि चारचौघांत, लॅबमध्ये, तो माणूस घळाघळा रडला. मी उगीच भिंतीवरच्या नवरा-नवरींचे फोटो बघत उभा राहिलो.

कहकशांनं काच मऊ फडक्यानं स्वच्छ पुसली, मोबाईलला लावतात तो चिकटणारा पारदर्शक कागद मापानं कापला आणि हवेचा एक बुडबुडाही न ठेवता काचेवर बसवला. "आता धूळ आत जाणार नाही. वरून कुणी कितीबी हात फिरवू द्या," म्हणाली. मखमलीचं झाकण ताहेरभाईनं घडी करून खिशात घातलं.

दुसऱ्या दिवशी आरतीचा छापून आणलेला फोटो घेऊन आम्ही केवळाबाईंच्या गावी गेलो. त्या ओसरीत सुपात ज्वारी पाखडत होत्या. हात पुसून त्यांनी फोटो घेतला, दाराच्या उजेडात नेला, आडवा धरला, तिरपा धरला. ताहेरभाई निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखा उभा.

"पुरा आलाय," त्या म्हणाल्या. "लई चांगला आलाय बगा. एकबी डाग न्हाई."

ताहेरभाई काहीतरी बोलायला गेला. "मावशी, त्या टायमाला तारामतीचा..."

"तो पोरगी संगं घेऊन गेली लातूरला," केवळाबाई म्हणाल्या. "उशाखाली ठेवती. जाताना मला म्हणती कशी, आजी, तुझा एकबी फोटो न्हाई. मी तिकडं कुणाकडं बगून अभ्यास करू? आता आलाव तर माझाबी काढा."

मी आठवून बघितलं. खरंच, या बाईचा फोटो कधी कुणी काढला नव्हता. स्टुडिओत त्या नेहमी दुसऱ्यासाठी आलेल्या.

केवळाबाईंनी पदर नीट घेतला, ओसरीच्या खांबाला टेकून बसल्या आणि कॅमेऱ्याकडे अशा बघू लागल्या की जणू तोच काही विचारणार आहे. ताहेरभाईनं फोटो काढला. मग त्यानं कॅमेरा सरळ त्यांच्या हातात दिला. "घ्या मावशी. आता पायजे तसा हात फिरवा."

त्यांनी हात फिरवला नाही. कॅमेरा डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. बघता बघता त्यांना हसू आलं.

"अगं बया! ही तर तारामती हाय," त्या म्हणाल्या. "माझ्यावरच गेली व्हती ती. म्हातारपणाला पोचली असती तर अशीच दिसली असती." त्यांनी कॅमेरा ताहेरभाईकडे परत दिला, अगदी दोन्ही हातांनी. "भाऊ, हा लवकर धुवा. पोरीला तिची आई एकदा पुरी बगायला मिळू द्या."

ताहेरभाईनं रोल संपायची वाट बघितली नाही. आम्ही तिथूनच पहिल्या जीपनं लातूरला गेलो.