अभ्र्यातला कीबोर्ड

गेल्या वर्षी १७ जून, मंगळवार, सकाळी अकरा. ठिकाण अमरावतीतलं आमच्या सर्वेक्षण संस्थेचं जुनं कार्यालय. रक्कम साडेचार हजार रुपये, एका जुन्या संगणकातली माहिती तपासून देण्याची फी. हजर पाच जण : संस्थेचे नवे संचालक, नागपूरहून आलेल्या इंजिनिअर काळे मॅडम, अकोल्याहून आलेले आमचे निवृत्त नकाशाकार विश्वनाथ तायडे, तिवशाजवळच्या खेड्यातून आलेला त्यांचा मेहुणा सुखदेव, आणि मी, लेखापाल गावंडे. संस्थेच्या कागदात एवढंच आहे. तायडेबाबू कोण होते ते त्या कागदात बसत नाही, म्हणून वेगळं लिहितो आहे.

तायडेबाबू रोज संध्याकाळी आपला संगणक बंद करत, त्याचा कीबोर्ड काढत, उशीच्या अभ्र्यात घालत आणि बडनेऱ्याहून पॅसेंजरने अकोल्याला, जुन्या शहरातल्या आपल्या घरी नेत. सकाळी परत आणत. निवृत्त होईपर्यंत चौदा वर्षं हे चाललं. गाडीतल्या पासवाल्यांना सुरुवातीला अभ्र्यात भजनाची पेटी आहे असं वाटलं. कोणी विचारी, "तायडेबाबू, आज भजन कुठं हाये?" ते म्हणत, "तुमच्या घरी ठेवा, येतो." पण हसत नसत.

तो संगणक साधा नव्हता. मिठाईच्या मोठ्या खोक्यासारखा चपटा डबा आणि त्यावर दोन माणसांनी उचलायचा पडदा. संस्थेने तो नकाशांसाठी खास मागवला होता. त्याला बाजारातला कीबोर्ड चालत नसे. बाजारातल्या कीबोर्डच्या गोल पिनेत सहा काड्या, याच्यात आठ. माऊस डब्याला लागतच नसे, तो कीबोर्डच्या बाजूला लागे, आणि चकचकीत पत्र्याच्या एका ठरावीक पाटीवरच फिरे. म्हणजे कीबोर्ड गेला की माऊसही गेला, आणि पडद्यासमोर बसलेला माणूस नुसता बसलेला राहिला.

एकदा आमच्या टायपिस्टने आपल्या टेबलावरचा कीबोर्ड आणून जोर करून त्यात खुपसला. भोकातल्या पट्ट्या दबल्या. तायडेबाबू शिवायची सुई आणि भिंग घेऊन दोन दिवस त्या सरळ करत बसले. टायपिस्टला म्हणाले, "बाई, भोक गोल दिसलं म्हनून त्यात काई बी खुपसत नसतात. आंदर काय हाये ते पाहा लागते." चालू यंत्राचा कीबोर्ड कोणी ओढला तर ते जागच्या जागी थांबे, केलेलं काम जाई. म्हणून त्यांचं दुसरं वाक्य ठरलेलं : "पयले त्याले झोपू द्या, मंग हात लावा." ही दोन वाक्यं आम्ही त्यांच्यामागे त्यांच्या आवाजात म्हणून दाखवत असू. ते त्यांना ठाऊक होतं.

कीबोर्ड घरी नेण्याचं कारण मात्र थट्टेचं नव्हतं. तिवशाजवळ एक लहान तलाव व्हायचा होता. त्याच्या बुडीत रेषेचा नकाशा तायडेबाबूंनी काढला. रेषेच्या आत येईल त्याला मोबदला आणि दुसरीकडे जागा, बाहेर राहील त्याला काही नाही. नकाशा पूर्ण झाल्यावर ते तापाने चार दिवस घरी होते. परत आले तेव्हा नकाशा छापून गेला होता आणि त्यातली रेघ हलली होती. त्यांच्या समाजाच्या वस्तीतली सात घरं बाहेर पडली होती आणि एक संत्र्याची बाग आत आली होती. बाग आमच्या त्या वेळच्या साहेबांच्या व्याह्यांची. कोपऱ्यात छापलं होतं, रेखन : वि. तायडे.

त्या सात घरांत एक घर त्यांच्या बायकोच्या, पंचफुलाबाईंच्या माहेरचं होतं.

चौकशी झाली. यंत्र तुमचं, नाव तुमचं, एवढ्यावर एक वेतनवाढ थांबली. ती त्यांनी सोसली. वस्तीने ठरवलं की जावयाने पैसे खाल्ले आणि सासर बुडवलं. बुडवलं हा शब्द मी वापरत नाही, ते वापरत. दर पावसाळ्यात पाणी त्यांच्या उंबऱ्याला लागे आणि दर पावसाळ्यात तायडेबाबूंचं नाव निघे. पंचफुलाबाई त्यानंतर माहेरी गेल्या नाहीत. त्यांना कोणी नेलं नाही. चार वर्षांपूर्वी त्या वारल्या तेव्हा सुखदेव अकोल्याला आला, रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला आणि पाणी न घेता परत गेला.

चौकशीनंतर तायडेबाबूंनी मोजणीच्या वह्या पुन्हा काढल्या, नकाशा पुन्हा बरोबर केला आणि डब्यात ठेवला. त्याची छापील प्रत घेऊन ते साहेबांकडे गेले. कागद कोणीही छापू शकतो, असं त्यांना सांगण्यात आलं. त्या संध्याकाळपासून कीबोर्ड अभ्र्यात गेला. ते मला म्हणाले होते, "गावंडेभाऊ, खरी रेघ डब्यात हाये. आन् चावी माह्यापाशी हाये. चावी माह्यापाशी हाये तवर त्या डब्याले कोनी हात लावू शकत नाही." हेच ते गाडीत सांगत, नात्यातल्या लग्नांत सांगत, तिवशाकडचं कोणी भेटलं तर आवर्जून सांगत. मागाल तेव्हा दाखवतो, म्हणत. कोणी मागितलं नाही. मोजणीच्या वह्या पुढे नियमाप्रमाणे नष्ट झाल्या. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी कीबोर्ड जमा केला नाही. संगणक तोवर कागदोपत्री निकामी ठरून कार्यालयाच्या कोपऱ्यात पडला होता, त्यामुळे मीही अडवलं नाही.

गेल्या वर्षी संस्थेने जागा सोडायची ठरवली. सामान भंगारात जाणार होतं. मी नव्या संचालकांना सगळी हकीकत सांगितली. माणूस बरा. भंगारात देण्याआधी आत काय आहे ते पाहू, म्हणाले, आणि काळे मॅडमना बोलावलं. मी अकोल्याला फोन केला. तायडेबाबूंनी तारीख लिहून घेतली. मग म्हणाले, "सुखदेवले आनतो." एका नातेवाइकाच्या हाती त्यांनी गाडीभाड्याचे शंभर रुपये सुखदेवला पाठवले. त्यांना वाटलं नव्हतं, पण तो आला.

काळे मॅडमनी आपला लॅपटॉप आणि एक जाड वायर आणली होती. तायडेबाबूंनी त्यांना वायर ठेवून द्यायला सांगितली आणि अभ्र्यातून कीबोर्ड काढला. पिनेच्या काड्या धोतराच्या मऊ चिंधीने पुसल्या, वरची खूण जुळवली, पिन बसवली, माऊस बाजूला लावला, पाटी समोर ठेवली. मग बटण दाबलं. इतक्या वर्षांनी हे चालू होईल असं वाटलं नव्हतं, असं मॅडम म्हणाल्या. तायडेबाबू मेहुण्याकडे वळून म्हणाले, "पाह्य आता."

नकाशा उघडला. संत्र्याची बाग आत होती. सात घरं बाहेर होती.

त्यांनी तो बंद केला, पुन्हा उघडला. शेजारचे दोन नकाशे पाहिले, परत यालाच आले. मॅडमनी वाकून फाईल कधी बदलली ते वाचलं. तारीख तायडेबाबू निवृत्त झाल्यानंतरच्या वर्षाची होती. मला ती ओळखीची वाटली. त्याच महिन्यात सात घरांनी रेघ पुन्हा तपासा असा अर्ज केला होता आणि आमचे जुने साहेब तेव्हा अजून खुर्चीवर होते.

सुखदेवने ती तारीख मला दोनदा विचारली. मग तो शांतपणे म्हणाला, "तवा कीबोर्ड तं तुमच्यापाशीच होता ना, जवाईबापू?"

मॅडमनी मध्ये पडून समजावलं. कीबोर्ड काढल्याने हे यंत्र बंद होत नाही. चालू होताना कीबोर्ड सापडला नाही की ते आपोआप मागच्या दुसऱ्या जोडणीकडे वळतं. तिथे साधी वायर लावली की कुठल्याही संगणकावरून आत जाता येतं. त्यांनी आणलेली वायर त्याचसाठी होती. कीबोर्ड लावलेला असता तर उलट ती वाट बंद राहिली असती.

"पयल्या दिवसापासून?" तायडेबाबूंनी विचारलं.

"हो काका. ते बनवलंच तसं आहे."

सुखदेव म्हणाला, "मॅडम, तुमी शिकेल हा, मले त्यातलं समजत नाही. हा मानूस इतके वर्स सांगत आला का चावी माह्यापाशीच हाये. आज सांगून राह्यले का चावीच नव्हती. मी कोनतं खरं धरू?"

मी मध्ये बोललो. मी सगळं जवळून पाहिलंय, तायडेबाबूंनी ही रेघ हलवलेली नाही, हे मी शपथेवर सांगेन, असं म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुमी हापिसातलेच," म्हणाला. मग खिशातून शंभराची नोट काढून त्याने कीबोर्डवर ठेवली. "माह्यं भाडं मी भरतो," म्हणाला, आणि तिवशाची गाडी धरायला निघून गेला. चहा आला होता, तो तसाच राहिला.

तायडेबाबूंनी यंत्र नीट बंद केलं. पडदा काळा होईपर्यंत थांबले, मगच पिन काढली. कीबोर्ड टेबलावरच ठेवला. अभ्र्याची चौकोनी घडी करून खिशात घातली. मी त्यांच्या प्रवासखर्चाचं व्हाउचर पुढे केलं. त्यांनी सही केली नाही. म्हणाले, "भाऊ, काम झालं कुठं?" नोट कीबोर्डवरच पडली होती. ती मी उचलून त्यांच्या हातात दिली, तेव्हा ती त्यांनी घेतली.

डबा, पडदा आणि कीबोर्ड पुढच्या आठवड्यात भंगारात गेले. पंचफुलाबाईंच्या माहेरून अकोल्याला अजून कोणी आलेलं नाही. त्या दिवशी प्रत्यक्षात दिलं गेलं ते असं : काळे मॅडमना साडेचार हजार, चेकने. विश्वनाथ तायडे यांना शंभर, रोख, मेहुण्याकडून.