सुनीताकडून, सुनीतासाठी

शिरूर आणि दौंड हे दोन तालुके मिळून कधीही खोटं न बोलणारा एकच माणूस होता, आणि तो टीव्हीवर दिसायचा. हे मी पूर्ण विचार करून लिहिते आहे. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती. सभांची, मोर्चांची, शिबिरांची पत्रकं होती, आणि वडिलांनी मला अक्षरओळख त्यांच्यावरच करून दिली. कमळ आणि गवत वाचण्याआधी मी 'धिक्कार' वाचायला शिकले. टीव्ही हा माणसांना झोपवायचा धंदा आहे, असं आमच्याकडे जेवताना बोललं जाई. तरीही आयुष्यात मी कुणापुढे मनातल्या मनात हात जोडले असतील, तर ते या टीव्हीवरच्या माणसापुढे. ते माझ्या वडिलांचे शाळेतले दोस्त. आमच्या गावात, न्हावऱ्यात, सगळे त्यांना आप्पा म्हणत, म्हणून मीही आप्पाच म्हणे.

आप्पांचे वडील मेंढरं घेऊन कोकणापर्यंत चालत जायचे. आप्पांना मात्र मेंढरांपेक्षा मोटारींचा लळा. दौंडला एका उस्तादाच्या हाताखाली राहून ते विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरायला, म्हणजे त्यांत नवी तांब्याची तार गुंडाळायला, शिकले आणि गावात येऊन दुकान टाकलं. मोटार जळली की शेतकरी ती आजारी पोरासारखी कवेत घेऊन त्यांच्याकडे येत. पुढे डिश आली तेव्हा गावातली पहिली छत्री आप्पांच्याच पत्र्यावर उगवली, आणि बघता बघता घराघरांत त्यांची केबलची काळी वायर गेली. आमच्या वस्तीत तीच वायर, चेअरमनच्या माडीवरही तीच. चेअरमन म्हणजे कर्जाचे नियम मोडून मोडून बुडालेल्या गावच्या सोसायटीचे माजी अध्यक्ष. खुर्ची कधीच गेली होती, हाक तेवढी राहिली होती. ही दोन घरं एका तारेत ओवणं आमच्या कुठल्याच पत्रकाला तोवर जमलं नव्हतं.

त्याच सुमारास मुंबईहून खास तरुणांसाठी म्हणून एक गाण्यांचा चॅनेल सुरू झाला. केस रंगवलेली पोरंपोरी कॅमेऱ्याच्या अगदी अंगावर येऊन निम्मं हिंदी, निम्मं इंग्रजी बोलायची, कुणाचा तरी फोन घ्यायची आणि त्याच्या आवडीचं गाणं लावायची. आप्पांनी तो आठ नंबरला लावला आणि पन्नाशीला टेकलेला हा माणूस त्या चॅनेलच्या प्रेमात पडला. मी एकदा चिडून विचारलं, "आप्पा, या नाचगाण्यात तुम्हाला दिसतं तरी काय?" ते म्हणाले, "ही पोरं कुणाला बाप कोण, गाव कंचं, काय इचारत न्हाईत बघ. नुसतं नाव इचारत्यात आन् गाणं लावत्यात. आपल्याकडं असं कुठं असतंय का?"

वर्ष व्हायच्या आत तो चॅनेल बंद पडला. एका सकाळी आठ नंबरला नुसता निळा पडदा. आप्पा पत्र्यावर चढून छत्री पुसत बसले, पूर्वेला फिरवली, पश्चिमेला फिरवली, पुण्याला फोन केला. तिकडून कळलं, पैसे संपले, मालकांनी गाशा गुंडाळला. घरातलं माणूस गेल्यासारखे आप्पा दहावा होईपर्यंत गप्प होते. मग दौंडच्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून जुना कॅमेरा आणला, गोठ्याला लागून असलेल्या खोलीत एक निळी चादर टांगली, आणि संध्याकाळी आठ नंबरला स्वतःच दिसू लागले. "दोस्तांनो, मुंबईची मंडळी दमली. आता आपुन चालवू."

चालवू म्हणजे काय चालवलं! वर लालभडक टी-शर्ट, डोळ्यांवर काळा गॉगल, टोपी उलटी. खाली घरचाच पट्ट्यापट्ट्याचा लेंगा, कारण टीव्हीत कमरेच्या खालचा माणूस नसतोच अशी त्यांची पक्की समजूत. एकदा शेजारच्या गोठ्यात म्हैस सुटली, आप्पा बोलता बोलता उठले आणि सगळ्या गावाने तो लेंगा पाहिला. दुसरा कुणी असता तर आठवडाभर तोंड लपवून बसला असता. आप्पा म्हशीला बांधून परत आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आता बघितलाच हाय तर सांगतो, हिनं शिवलाय," आणि आत बसलेल्या बायकोकडे, म्हणजे आमच्या काकूंकडे, बोट दाखवलं. गाण्यांची पारख ते विजेच्या भाषेत करत. नाचाचं गाणं म्हणजे थ्री फेज, विरहाचं सिंगल फेज. "हे गाणं सिंगल फेजचं हाय, ह्याच्यावर मोटार चालायची न्हाई, पर रातभर बल्ब जळंल," असं सांगून ते एखादं गाणं लावत, आणि खरं सांगते, त्या गाण्याबद्दल त्याहून बरोबर मी आजवर कुठे वाचलेलं नाही. दोन गाण्यांच्या मधे लाईट कधी जाणार, कुणाची शेळी कुणाच्या उसात आहे, हेही येई.

गळीत सुरू झालं की आप्पांची खरी परीक्षा असे. उसाने मनोरे रचलेल्या ट्रॉल्या पाटसच्या साखर कारखान्याकडे निघत आणि रस्ता ओलांडून गेलेली आप्पांची वायर वरच्या वर तोडून नेत. म्हणून ते एक लांबलचक गाणं लावत, टी-शर्ट-गॉगलसकट रस्त्यावर पळत, बेचक्याचा बांबू घेऊन वायर उचलून धरत, ट्रॉली खालून गेली की पळत परत. ट्रॅक्टरवाले त्यांना हात करत. हात वर केलेला तो गॉगलवाला माणूस आणि खालून चाललेला ऊस पाहून मला दरवेळी वाटे, एखाद्या गोष्टीवर निष्ठा असावी तर अशी.

पण या सगळ्यापेक्षा थोर त्यांचे दोन नियम. पहिला नियम, फर्माईश करणाऱ्याचं फक्त नाव घ्यायचं. आडनाव नाही, वस्ती नाही, आळी नाही. एकदा चेअरमनच्या पुतण्याने फोनवर आडनावासकट नाव सांगितलं आणि तसंच घ्या म्हणून हट्ट धरला. आप्पा म्हणाले, "आडनावाला माझ्याकडं बटनच न्हाई." त्यामुळे आमच्या वस्तीतला राजू आणि माडीवरचा राजू आठ नंबरवर एकाच रांगेत उभे राहत, आणि कोणता राजू कोणता, हे कुणालाच कळत नसे. दुसरा नियम, खोटी फर्माईश घ्यायची नाही. फोन आला तर गाणं, नाही आला तर नाही. एका संध्याकाळी गावातले फोन बंद पडले होते. आप्पांनी सांगितलं, "आज एकबी फोन न्हाई. कुणाचं नाव म्या बनवणार न्हाई. बसू गप," आणि खरोखर कॅमेऱ्यासमोर हाताची घडी घालून कार्यक्रमाची वेळ संपेपर्यंत गप्प बसले. आश्चर्य म्हणजे गावही त्यांच्याकडे बघत बसलं.

मी तेव्हा शिरूरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. संध्याकाळी काकूंच्या सोबतीला फोनपाशी बसे, कारण पोरींचे फोन काकूच घेत. मला बघितलं की आप्पा हाक मारत, "या पुढारीणबाई, आज कुणाचा निषेध?" एकदा त्यांनी मला कॅमेऱ्यासमोर बसवून समतेवर बोलायला लावलं. मी घसा फोडून बोलले. लगेच फोन वाजला. तिकडून एक आजी म्हणाल्या, "पोरगी ग्वाड बोलती. आता गाणं लावा."

अशाच एका संध्याकाळी एका मुलीचा फोन आला. काकूंनी कानाला लावलेला फोन थोडा तिरका धरला, म्हणून मलाही ऐकू आलं. आवाज ओढणी तोंडावर धरून बोलावं तसा दबलेला. नाव सुनीता. काकूंनी विचारलं, "कुणासाठी गं?" ती म्हणाली, "माझ्यासाठीच."

"अगं, असं कसं? मैत्रिणीचं सांग, भावाचं सांग."

"का? माझ्यासाठी न्हाई का चालत?"

काकूंनी फोनवर हात ठेवून आप्पांना विचारलं. "नियमात बसतंय," आप्पा म्हणाले, आणि कॅमेऱ्याकडे वळून ठणठणीत आवाजात सांगितलं, "पुढलं गाणं, सुनीताकडून, सुनीतासाठी!"

त्यानंतर तो फोन वरचेवर येऊ लागला. एखाद्या मुलीने एखाद्या मुलाचं नाव घेतलं असतं तर गावाने त्या मुलाला शोधून चोप दिला असता आणि विषय संपवला असता. पण स्वतःसाठीच गाणं मागणारी पोरगी गावाला पेलेना. न्हावऱ्यात आणि आसपासच्या वाड्यांवर मिळून सात-आठ सुनीता होत्या. प्रत्येक सुनीताच्या घरी चौकशी सुरू झाली. कुणाच्या दप्तराची झडती, कुणाच्या फोनला कुलूप. चेअरमनची धाकटीही सुनीताच, आमच्या वस्तीतही एक सुनीता. शेवटी सगळ्या सुनीतांचे बाप एकत्र आप्पांच्या दुकानात आले. एरवी एका पंगतीला न बसणारी ही माणसं जळक्या मोटारींच्या मधे जागा करून खांद्याला खांदा लावून बसली. मी वडिलांबरोबर दारात उभी होते.

"आप्पा, आमचं एवढंच म्हणणं हाय," चेअरमन म्हणाले. "कंची सुनीता, तेवढं सांगा."

"नियमात बसत न्हाई."

"नियम कुणी केला?"

"म्या."

"मंग तुमीच मोडा."

"मोडला असता. पर मग माझं बी तुमच्या सोसायटीवानी व्हईल."

कुणीतरी फसकन हसलं. चेअरमन हसले नाहीत. "सोतासाठी गाणं मागती म्हंजी पोरगी कायतरी लपवती."

"काय लपवती? गाणं तर समदं गाव ऐकतंय की."

तेवढ्यात कडेला बसलेले एक साधे गृहस्थ हलक्या आवाजात म्हणाले, "आप्पा, माझी सुनीता आठवीत हाय. तिच्या आईनं काल तिला मारलं. ती म्हणती मी न्हाई. आता मी काय समजू?"

आप्पांच्या हातातली पकड तिथेच थांबली. चेअरमननी ती संधी साधली. "ऐका. जवर नाव कळत न्हाई, तवर एकबी सुनीता शाळंत जायची न्हाई, का शिरूरला कॉलेजात जायची न्हाई. सोमवारपासून समद्या घरी." बापांनी माना हलवल्या. नाव सांगितलं तर एका सुनीताचं शिक्षण संपणार. नाही सांगितलं तर सगळ्यांचंच.

"संध्याकाळी आठ नंबर लावून बसा," आप्पा म्हणाले. "सांगतो."

मी घरी जाऊन एक पत्रक लिहून काढलं, 'गाणे मागण्याचा अधिकार', आणि संध्याकाळी ते घेऊन त्यांच्या खोलीवर गेले. आप्पांनी ते उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं. "शुद्धलेखन झाक हाय," ते म्हणाले. "पर हे पटस्तवर पोरीचं वरीस जाईल." मग खुर्चीत बसले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी कॅमेऱ्यासमोर गॉगल काढला. डोळे बारीक आणि थकलेले दिसत होते.

"मंडळी, कबूल करायचंय. सुनीता म्हणून कुणी न्हाई. फोन येत न्हवते, म्हणून ते नाव म्या बनवलं. मनानंच. तुमच्या पोरींचा काय संबंध न्हाई. त्यांना शाळंत धाडा."

फोन माझ्या समोर स्टुलावर होता. काकू मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या. शेजारच्या गोठ्यात म्हैस रवंथ करत होती. मग रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, "आप्पा, मंग राजू बी तुमीच का?" दुसरा ओरडला, "आन् रेखा?" आणि हशा उसळला. आळीआळीतून तो हशा ऐकू येत होता. आप्पांनी तो पूर्ण ऐकून घेतला.

"आप्पा, तुम्ही खोटं बोललात," मी म्हणाले.

"व्हय."

"तुम्ही!"

"दुसरं कोण बोलनार? माझ्यावरच इस्वास हाय लोकांचा." ते कॅमेऱ्याची वायर गुंडाळत म्हणाले.

नंतर काकूंनी मला हळूच सांगितलं, "एकदा तिचा फोन ह्यांनीच घेतला व्हता, आन् ह्यांना आवाज वळखू येतो. ती कोण ते ह्यांना ठाव हाय. मला बी न्हाई सांगितलं."

सोमवारी सगळ्या सुनीता आपापल्या शाळा-कॉलेजांना गेल्या. आठ नंबरला मात्र फोन येणं थांबलं. जी नावं बनवलेली असतात, त्यांच्यात आपलं नाव कोण मिसळेल? आप्पा टी-शर्ट घालून रोज बसत, फोन नाही म्हणून सांगत आणि हाताची घडी घालत. आता त्यांना बघायलाही कुणी थांबत नसे. पोरं रिमोटने पुढे जात. थोड्याच दिवसांत पुन्हा निळा पडदा आला, आणि या वेळी छत्री पुसायला पत्र्यावर कुणी चढलं नाही. पुढे शिरूरकडची एक मोठी केबल कंपनी आली, तिने आठ नंबरला बातम्या लावल्या. आप्पा पूर्णवेळ मोटारी भरू लागले. गावाने त्यांचं नाव 'बनावट आप्पा' पाडलं आणि ते त्या हाकेलाही ओ देत.

त्यांचं दुकान एसटी स्टँडच्या समोरच होतं. सकाळी शिरूरच्या गाडीसाठी आम्ही कॉलेजच्या पोरी तिथे उभ्या राहत असू, त्यांत तीन सुनीता. गाडीला उशीर झाला की कुणीतरी बनावट आप्पांचा विषय काढे आणि सगळ्या हसत, तिघीही हसत. कुणाचं हसू जरा लवकर विझतं का, हे मी किती सकाळी न्याहाळलं असेल. मला कधी ओळखता आलं नाही. आप्पांनी एकदा जरी मान वर करून आमच्याकडे पाहिलं असतं, तर त्यांची नजर कुणावर थांबते ते मी बरोबर टिपलं असतं. पण गाडी येऊन, आम्ही चढून, ती वळणापलीकडे जाईपर्यंत आप्पा मोटारीच्या तांब्याच्या तारांतून डोळे काढत नसत.