कोट आला, घोव कुठाय?

रुमाल्दच्या तोंडाला लगाम नव्हता, आणि धंदा तर असा की लगाम हवाच. तो पाडेली, नारळ पाडणारा. माडाच्या शेंड्यावर बसलं की अख्ख्या वाड्याची परसं डोळ्यांखाली येतात. म्हणून तर पाडेल्यानं आधी बुंध्याशी उभं राहून खच्चून ओरडायचं, "चढतोय होऽऽ!" मग न्हाणारी बाई आडोशाला जाते, भांडणारी आवाज खाली करते. अशी हाक दिल्याशिवाय चढणं म्हणजे चोरीच.

त्यात रुमाल्द गाणी रचायचा, चर्चच्या फेस्ताला, म्हणजे जत्रेला, मांडवात होणाऱ्या तियात्रासाठी, गाण्यांच्या नाटकासाठी. रचायचा तीही माडावरच. कुणाची कोंबडी शेजारणीकडे अंडं घालते, आमटी खारट झाली म्हणून ओरडणाऱ्या नवऱ्याला कुणी कसं गप्प केलं, सगळं गाण्यात. लोक पोट धरून हसायचे. त्याची बायको कोन्सू म्हणायची, "मेल्या, एक दिवस मार खाशील." मार खाल्ला असता तर बरं झालं असतं.

त्या वर्षी तालमींनी त्याचा घसा बसला होता. आवाज फेस्तासाठी जपायचा म्हणून तो पिएदादच्या माडावर न ओरडताच चढला.

पिएदाद पन्नाशीची. तिचा घोव, नवरा, बोस्त्यांव लग्नानंतर लवकरच बोटीवर नोकरीला गेला. आधी पत्रं यायची, मग तीही बंद झाली. गावानं त्याला केव्हाच मेला म्हणून सोडलं होतं, तिनं नाही. त्या दिवशी परसात दोरीवर बोस्त्यांवचा लग्नाचा काळा कोट उन्हाला घातलेला. पिएदादनं आजूबाजूला पाहिलं, वर मात्र पाहिलं नाही. कोटाची एक बाही तिनं खांद्यावर घेतली, दुसरी हातात धरली, आणि गुणगुणत दोन गिरक्या घेतल्या.

भला माणूस असता तर त्यानं डोळे मिटले असते. रुमाल्दला तिथल्या तिथे चाल सुचली.

*बाही धरून नाचते बाय,*
*कोट आला, घोव कुठाय?*

नाव घेतलं नव्हतं हो त्यानं! पण गावात किती बायकांचे घोव बोटीवर हरवलेत? फेस्ताला मांडव हसून हसून कोसळायचा राहिला. पिएदाद तिसऱ्या रांगेत बसली होती. तिच्या हातातला पंखा थांबला. तिनं रुमाल्दकडे पाहिलं आणि मग सावकाश नजर वर नेली, माडाच्या शेंड्याकडे बघावं तशी. रुमाल्दनं ओळखलं, तिला कळलंय. पण लोक शिट्ट्या मारत होते, म्हणून तो पुन्हा गायला.

नंतर ते गाणं दारूच्या तावेर्नात गेलं, बाजारात गेलं, क्रिकेटच्या मैदानात गेलं. पिएदाद रस्त्यानं निघाली की कुठून तरी शीळ यायचीच. रुमाल्द तिचे नारळ पाडायला जायचा तेव्हा आता गाव दणाणेल एवढ्यानं ओरडायचा. वरून बघायचा तर दोरीवर नुसते चिमटे. कोट पुन्हा उन्हात आलाच नाही. शेवटी त्यानं कोन्सूला सगळं सांगितलं.

"जा, माफी माग," कोन्सू म्हणाली.

"कुठल्या तोंडानं?"

"ज्या तोंडानं गायलास, त्याच."

बायको सांगत होती पिएदादच्या दारात जायला. या शहाण्यानं अर्थ काढला मंचाचा! लोकांनी गाणं पुन्हा मागितलं की त्याच चालीवर नवं कडवं म्हणायची रीत आहे. त्याला वाटलं, चारचौघांत लाज काढली, तर चारचौघांतच पाय धरावेत. वर्षभर माडावर बसून त्यानं ते कडवं रचलं. एवढं खरं त्यानं आयुष्यात काही रचलं नव्हतं.

पुढच्या फेस्ताला लोकांनी कोटाचं गाणं मागून घेतलं. पिएदाद आली नव्हती. रुमाल्दनं डोक्यावरची टोपी काढली.

*हाक न देता चढलो मी, पाहिलं चोरून,*
*तुझं सुख विकलं मी टाळ्या मोजून.*
*माफ कर गे बाय, धरतो तुझे पाय...*

पुढे तो थांबला, कारण त्याचे शब्द तिथेच संपत होते. पण चाल काही संपली नव्हती. ट्रम्पेटवाल्यानं सुरावट पुरी केली आणि अख्खा मांडव एका आवाजात ओरडला, "कोट आला, घोव कुठाय?" रुमाल्दच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "काय रडतोय बघा! वा रे रुमाल्दा!" म्हणत लोक आणखीच हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पिएदादच्या दारात गेला. ती दाराच्या पायरीवर कांदे सोलत बसली होती.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "लाउडस्पीकरचा कर्णा माझ्याच माडाला बांधलाय ना त्यांनी. फार हसले लोक."

"बाय, मी माफी मागत होतो गे."

"होय? मला वाटलं, नवं कडवं."

ती आत गेली आणि कोट घेऊन आली. इस्त्री केलेला, डांबराच्या गोळ्यांच्या वासाचा. "घेऊन जा. पुढच्या वेळी घालून गा."

"नको गे बाय! असं नको करू. तुझ्या घोवाचा—"

"माझ्या घोवाचा होता," ती म्हणाली, "तू बघेपर्यंत. आता तो गाण्यातला झाला. हात लावला की मलाच ती चाल ऐकू येते."

आणि तिनं दार लावून घेतलं.

रुमाल्द कोट हातावर घेऊन रस्त्याला लागला. तावेर्नाच्या पायरीवर फेस्ताची चढलेली उतरवत बसलेल्या मंडळींनी त्याला लांबूनच पाहिलं.

"अरे, रुमाल्द बघा! कोट आला रेऽऽ!"

आणि पुढचं त्यानं म्हणावं म्हणून सगळे वाट बघत थांबले.